बाळाला शाळेच्या दारात सोडताना : विश्वासाचा पहिला पाठ



एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, कुठलेही गाव घ्या. शाळेच्या दारात तीन वर्षांचे मूल आईच्या ओढणीला घट्ट धरून उभे आहे. पाठीवर त्याच्याहून मोठे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. बाई त्याचा हात धरतात, मूल आकांत करते आणि दार लागते. पाच-दहा मिनिटांत ते मूल वाळूत हात घालून खेळू लागते. आई मात्र अर्धा तास दाराबाहेरच उभी असते.

आता स्वतःला विचारा : त्या सकाळी अधिक घाबरलेले कोण होते?

आजचा पाठ या प्रश्नावर आहे. घरात लहान मूल असेल तर तो आपल्यासाठी आहेच. नसेल तरी कोणाला ना कोणाला दूर पाठवण्याची वेळ प्रत्येकावर येते.

तयारी कोणाची झाली?

दिल्लीत ही धास्ती शाळेच्या दारात सुरू होत नाही, ती आदल्या हिवाळ्यातच घरात शिरते. ३१ मार्चला तीन वर्षे पूर्ण होतात की नाही, शाळा घरापासून किती लांब, मोठे भावंड तिथे आहे का, किती गुण होतात, सोडतीत नाव निघेल का? पूर्वी तर एवढ्याशा मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मुलाखती होत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये नेमलेल्या अशोक गांगुली समितीने मुलाखतीऐवजी गुणांची पद्धत सुचवली. मुलाखत गेली, पण यादीत नाव येईपर्यंतची धाकधूक उरली.

या धावपळीत अर्ज, दाखले, गणवेश, डबा अशी सगळी तयारी होते. मुलाच्या मनाची आणि आपल्या मनाची तयारी तेवढी राहून जाते.

रडणे हा दोष नाही

मूल साधारण आठ महिन्यांचे झाले की आई नजरेआड होताच रडू लागते. दहा ते अठरा महिन्यांच्या काळात ही भीती सर्वांत तीव्र असते आणि तीन वर्षांच्या आसपास ओसरू लागते. म्हणजे ती ओसरत असते नेमक्या त्याच वेळी आपण मुलाला शाळेत पाठवतो. म्हणून पहिले काही दिवस ते रडले तर ‘माझे मूल भित्रे आहे’ असे म्हणू नका आणि ‘मी वाईट आई आहे’ असेही म्हणू नका.

इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि मूल यांच्या नात्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासाचे सार असे की, परतण्याची जागा पक्की आहे अशी खात्री असलेले मूलच धीटपणे दूर जाते. आईचा आधार मुलाला बांधून ठेवत नाही, मोकळे करतो.

वासरे आधी, गाई नंतर

दिल्लीहून वृंदावन फार लांब नाही. आपल्यापैकी अनेक जण सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन येतात. भागवताच्या दशम स्कंधात तिथल्या बाळकृष्णाच्या पहिल्या बाहेर पडण्याचे वर्णन आहे. कृष्ण-बलराम लहान होते तेव्हा त्यांच्याकडे वासरे सोपवली गेली आणि तीही व्रजापासून जवळच चारायची. सोबत गोपाळांची मुले होती. दोघे थोडे मोठे झाल्यावर त्यांना गाई मिळाल्या.

हा क्रम ध्यानात घ्या. यशोदेने मुलाला कायमचे अंगणात कोंडले नाही आणि पहिल्याच दिवशी दूरच्या रानातही पाठवले नाही. आधी वासरे, मग गाई. आधी जवळ, मग दूर.

आपणही हेच करू शकतो. शाळा सुरू होण्याच्या महिनाभर आधी मुलाला शेजारच्या काकूंकडे अर्धा तास ठेवा. मग आजीकडे किंवा मावशीकडे एक तास. शाळेच्या रस्त्याने दोन-चार वेळा फिरवून आणा, ते दार बाहेरून दाखवा. पहिल्या आठवड्यात शाळा कमी वेळ ठेवत असेल तर घाई करू नका.

शाळा अंगणात आणा

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ तिथूनच आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हा शब्द देशभर पोहोचवला. आज दिल्लीतल्या वस्त्यांमध्येही तो पाटीवर दिसतो.

दिल्लीतील मराठी घरांना यातून एक फार उपयोगाची गोष्ट घेता येईल. पहाडगंजमध्ये मराठी माणसांनी उभारलेली नूतन मराठी शाळा आहे, पण बहुतेकांची मुले घराजवळच्या हिंदी-इंग्रजी वातावरणातच जातात. घरात फक्त मराठी ऐकलेले मूल तिथे ‘खाऊ’ म्हणते, तेव्हा बाईंना वाटते ते ‘खाऊँ?’ असे विचारत आहे. ‘बाऊ झाला’ म्हटले तर कोणालाच कळत नाही. शू लागलेली सांगता आली नाही, तर मुलाला ओल्या कपड्यांत बसावे लागते आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेचे नाव काढू देत नाही.

घरातली मराठी सोडू नका, तीच त्याची परतण्याची जागा आहे. पण पाणी, भूक, शू-शी, दुखणे आणि ‘मला घरी जायचे आहे’ एवढे हिंदीत सांगणे खेळता खेळता शिकवा. बाईंनाही आपल्या घरचे पाच-सहा शब्द कागदावर लिहून द्या. शाळा थोडी घरात येईल, घर थोडे शाळेत जाईल.

न सांगता निघून जाऊ नका

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, अजून पालक नाही. पण माझ्या ताईची मुलगी गेल्या वर्षी नोएडात शाळेत जाऊ लागली, तेव्हा मी त्यांच्याकडेच राहत होतो. पहिल्या दिवशी छकुली खेळण्यांत रमलेली पाहून ताई हळूच निघून आली. ‘रडली नाही!’ म्हणून आम्ही सगळे खूश झालो. त्यानंतर आठवडाभर छकुली घरातसुद्धा ताईला नजरेआड होऊ देईना. ताई न्हाणीघरात गेली की ही दाराबाहेर बसून रडे. पाहिले नाही की आई नाहीशी होते, एवढेच ती त्या दिवशी शिकली होती.

आमच्या अभ्यासात ‘पत’ हा शब्द सतत येतो. पत मोठ्या शब्दांनी तयार होत नाही. सांगितलेल्या तारखेला परतफेड केली की ती तयार होते आणि एकदा चुकली की पुन्हा मिळवायला बराच काळ जातो. ताईने तेच केले. रोज दारात खाली बसून, छकुलीच्या डोळ्यांत बघून ती सांगू लागली, “मी आता जाते. तुझा डबा खाऊन झाला, गाणे झाले, की मी दारात असेन.” एक पापा घेऊन ती निघे, मागे वळून पाहत नसे. आणि दार उघडण्याच्या पाच मिनिटे आधी हजर असे. छकुली दोन आठवडे रडली. तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून हात हलवला.

त्या दिवसांत छकुली वर्गात ‘आई, आई’ म्हणून रडत असे. तिथल्या मदतनीस दीदी हिंदी भाषक. त्या दाराकडे पाहून विचारत, “कौन आई, बेटा?” आम्हाला हे कळले तेव्हा हसू आले, मग डोळ्यांत पाणी आले. हिंदीत ‘आई’ म्हणजे ‘आली’. मुलाला तरी दुसरे काय हवे असते? आई म्हणजे जी येते ती.

विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे

मनाची शांती आणि बेफिकिरी यांत फरक आहे. मुलाला शौचाला कोण नेते, सुटताना कोणाच्या हाती देतात, बसमध्ये मदतनीस बाई असतात का, हे संकोच न करता विचारा. कोणी कुठे हात लावू नये आणि लावला तर घरी येऊन सांगायचे, हे मुलाला साध्या शब्दांत शिकवा. चार-पाच आठवड्यांनंतरही रडणे कमी होत नसेल, खाणे-झोप बिघडत असेल, तर बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणखी एक लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये रुळलेले मूल उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा रडू शकते. नोव्हेंबरमध्ये हवा बिघडून लहान वर्ग बंद राहिले, तरी तसेच होते. ते मागे गेलेले नसते, पुन्हा एकदा खात्री करून घेत असते.

या आठवड्याची साधना

१. शाळेला निघण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. दहा श्वास सावकाश घ्या. आपल्या चेहऱ्यावरची भीती मूल सर्वांत आधी वाचते.

२. निरोपाचे एकच वाक्य ठरवा आणि रोज तेच म्हणा. खोटे आश्वासन देऊ नका. ‘पाच मिनिटांत येते’ असे म्हणून तीन तासांनी जाऊ नका.

३. परतण्याची वेळ पाळा. उशीर होणारच असेल तर कोण घ्यायला येईल, हे सकाळीच सांगा.

४. ‘रडलास का?’ असे विचारू नका. ‘आज कशाशी खेळलास?’ असे विचारा.

५. रात्री स्वतःला विचारा : आज मी मुलासाठी घाबरले, की मुलाशिवायच्या माझ्या रिकामेपणाला घाबरले? उत्तर प्रामाणिकपणे वहीत लिहा. वडिलांनीही लिहावे.

प्रेम आणि मोह बाहेरून सारखेच दिसतात. मोह म्हणतो, ‘तू माझ्यावाचून राहू शकणार नाहीस.’ प्रेम म्हणते, ‘तू जा, मी इथे आहे.’ उद्या सकाळी दारात उभे राहाल, तेव्हा यांतील कोणते वाक्य आपल्या मनात आहे, ते पाहा. मग बोट सोडा, आणि दुपारी वेळेवर या.