मोटार तापते केव्हा?

कोलशेतला आमच्या शेजारी एक जुनी जपानी धाटणीची मोटार आहे. होंडा सिटीचा हा 'व्हीटेक' प्रकार भारतात 2000 साली आला. इंजिन अवघे 1493 घन सेंटिमीटरचे, पण शक्ती 106 अश्वशक्ती! रहस्य झडपांत आहे. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर कमी आणि जास्त उंचीचे उंचवटे असतात. इंजिनाचे फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते आणि मोठा उंचवटा झडपांचा ताबा घेतो. झडपा अधिक उघडतात, अधिक हवा आत जाते. म्हणून दिसायला चार दारांची घरगुती गाडी असली तरी वेगाचे शौकीन तिला अजून जपतात.

तर ही मोटार गेल्या उन्हाळ्यात तापू लागली. एका कारागिराने थर्मोस्टॅट काढून टाकला. "आपल्याकडच्या उकाड्यात त्याची गरजच काय? पाणी मोकळे फिरू दे," असे त्याचे म्हणणे. मोटार तापायची थांबली नाही. उलट पेट्रोल जास्त पिऊ लागली. दुसऱ्याने सांगितले, "हेड वाकले असणार, आता विकून टाका." ही भीती अगदीच खोटी नव्हती. हेड अॅल्युमिनियमचे असते. फार तापले तर ते वाकते, त्याखालचे गॅसकेट फुटते आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

पण कोणीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता: मोटार तापते केव्हा?

मालकांनी चार दिवस काट्यावर नजर ठेवली. कापूरबावडीच्या चौकात गाड्यांची रांग लागली की काटा वर चढे. माजिवडा सोडून नाशिकच्या रस्त्याला वेग मिळाला की तो आपोआप खाली येई. आता विचार करा. पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवतालचे पाणी वाहून नेते आणि रेडिएटरमध्ये हवेला देते. गाडी धावत असताना वारा आपसूकच रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीला वारा कुठला? तेथे पंख्यानेच हवा ओढायची. म्हणजे संशय पंख्यावर.

हा पंखा विजेवर चालतो. पाणी साधारण 90 ते 95 अंश सेल्सिअसला पोचले की उष्णतेवर चालणारे एक बटण त्याला वीज देते. इंजिन बंद, पण किल्ली चालू ठेवून जाणत्या माणसाने त्या बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या. पंखा गरकन फिरला! म्हणजे पंखा, तारा, फ्यूज सगळे ठीक. मेले होते ते बटण.

मग थर्मोस्टॅटचा अपराध काय होता? काहीच नाही. त्याच्या पोटात पितळी डबीत मेण असते. सुमारे 80 अंशांपुढे ते वितळून फुगते, दांडी ढकलते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. इंजिन तापलेले असताना ती वाट पूर्ण उघडीच असते. मग झडप काढून जास्तीचे काय मिळणार? तोटा मात्र होतो. मोकळ्या रस्त्यावर इंजिन नको इतके थंड राहते. गाडीतला संगणक समजतो, इंजिन अजून गरम झालेले नाही, आणि तो पेट्रोल वाढवतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन नेते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी आम्ही तो दोरीने पातेल्यातील पाण्यात टांगला, शेजारी तापमापी धरली आणि पाणी तापवले. तुम्हीही शिक्षकांसमवेत हे करून पाहा. जुना थर्मोस्टॅट कोणत्याही गॅरेजमध्ये मिळेल. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. झडप हळूहळू उघडताना आणि पाणी निवताना मिटताना पाहण्यात मोठी गंमत आहे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे. हे झाकण प्रेशर कुकरसारखेच काम करते. आतला दाब वातावरणापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने जास्त असला, तर पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब जातो, त्या तपमानाचे पाणी क्षणात उकळून उसळते आणि चेहरा भाजतो.

शेजाऱ्यांनी आणखी एक हौस केली होती. समोरच्या जाळीपुढे दोन भलेमोठे दिवे बसवले होते. ते हवेची वाट अडवत होते, म्हणून बाजूला घेतले. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी भरले होते, ते काढून कूलंट भरले. काटा आता कापूरबावडीलाही मध्यावरच राहतो.

आता तुमच्यासाठी एक कोडे. दुसरी एक मोटार शहरातल्या गर्दीत मुळीच तापत नाही, पंखाही नीट फिरतो. पण कसारा घाट चढताना काटा वर जातो. तुम्ही प्रथम काय तपासाल, आणि का?