शरदातील हवामान व मावळपट्ट्यातील भातकाढणी

सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेस उतरत गेलेला मावळपट्टा हा भाताचा मुलूख होय. अकोले, इगतपुरी, मावळ, मुळशी, भोर, जावळी, पाटण या तालुक्यांतील खाचरांत पावसाळ्याचे चार महिने पाण्याची वाण सहसा पडत नाही. भात पिकते ते पावसाच्या बळावर. परंतु ते घरात येते शरदातील उघडिपीच्या बळावर. बियाणे, चिखलणी, लावणी, खत व बेणणी यांचा सर्व खर्च होऊन गेल्यावर कापलेले कडपे खाचरात भिजले, तर वर्षाची मेहनत दोन दिवसांत मातीमोल होते. यास्तव आश्विन-कार्तिकातील हवामानाची रीत शेतकरी बांधवांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पाऊस परततो कसा

नैर्ऋत्य मोसमी पाऊस एका दिवसात जात नाही. हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार वायव्य भारतातून तो साधारणपणे १७ सप्टेंबरपासून परतू लागतो, मुंबईहून ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो व १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून माघार घेतो. या सरासरी तारखा होत. २०१९ साली वायव्य भारतातूनच माघारीस ९ ऑक्टोबरला प्रारंभ झाला. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ व पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली. ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आली नाहीत; तरीही त्या अवकाळी पावसाने राज्यात काढणीस आलेल्या पिकांची मोठी हानी झाली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून महाराष्ट्रावर आले व पुणे, सोलापूर, सांगली भागांत अतिवृष्टी झाली. सारांश, सूर्य हस्तातून चित्रात व चित्रातून स्वातीत जाईपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाऊस संपला असे गृहीत धरू नये.

डोंगराचा नियम बदलतो

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तो सह्याद्रीला आदळून वर चढतो आणि घाटमाथ्यावर पाऊस ओततो. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर घाट उतरून वाईस येताच त्याचा लहानसा अंश उरतो. म्हणून आभाळ पाहताना शेतकऱ्याची नजर सवयीने पश्चिमेकडे जाते.

शरदात ही सवय फसवी ठरते. वारा फिरून पूर्वेचा होतो. सकाळी आकाश निरभ्र असते. ऊन कडक पडते. ओली जमीन व डोंगरउतार तापून बाष्प वर चढते. दुपारी तीनच्या पुढे पूर्वेस ढगांचे मनोरे उभे राहतात आणि सायंकाळी गडगडाटासह सर कोसळते. एका गावात दोन बोटे पाणी, तर शेजारच्या गावात थेंबही नाही, असे या पावसाचे वागणे असते. सकाळचे स्वच्छ आकाश पाहून सगळे खाचर कापून टाकण्याची चूक येथेच होते.

रात्र, दव आणि धुके

आकाश निवळले की रात्री जमीन लवकर थंड होते. थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे पहाटे तळातील खाचरे उतारावरील शेतांपेक्षा अधिक गार असतात व तेथे दव आणि धुके उशिरापर्यंत रेंगाळते. खळे तळाशी न करता उंच, वाऱ्याच्या जागी करावे. गार रात्री व पानांवर दीर्घकाळ टिकणारे दव करपा रोगास पोषक असते; लोंबीच्या देठाशी तो पडल्यास मानमोडी होते. पक्व भातावर लष्करी अळी लोंब्या कुरतडून खाली पाडते. म्हणून या दिवसांत सकाळी शेताची फेरी चुकवू नये.

अंदाज कसा वाचावा

महिन्याचा अंदाज शक्यता सांगतो, दिवस सांगत नाही. ‘सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता’ असे वाचून निर्धास्त होऊ नये. कोरड्या महिन्यातील दोन सरीही कापलेल्या भाताची नासाडी करण्यास पुरेशा असतात. महिन्याच्या अंदाजावरून ताडपत्री, मजूर व मळणीयंत्र यांची तजवीज करावी. कापणीचा दिवस मात्र मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रकातील पाच दिवसांच्या अंदाजावरून ठरवावा.

समजा, मंगळवारच्या पत्रकात गुरुवारी व शुक्रवारी दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस सांगितला आहे. कापलेले कडपे वाळण्यास दोन ते तीन उन्हे लागतात. अशा वेळी बुधवारी कापणी करणे म्हणजे भात पावसाच्या स्वाधीन करणे होय. उभे भात ओले झाले तरी वाऱ्याने सुकते. आडवे पडलेल्या लोंब्यांना मात्र मोड येतात. म्हणून बांध फोडून खाचरातील पाणी काढावे, शुक्रवारचे नवे पत्रक पाहावे आणि उघडीप दिसल्यावर कापणीस हात घालावा. हळवे भात फार पक्व होऊन दाणे झडू लागले असतील, तर तेवढेच कापून त्याच दिवशी आडोशाला आणावे व झोडून पसरावे.

काढणीचे नियोजन

लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की भात कापणीस आले असे समजावे. त्यापूर्वी आठ-दहा दिवस पाणी काढून टाकावे. एका दिवसात बांधून उचलता येईल तेवढेच क्षेत्र कापावे. उडवी रचताना खाली लाकडे अंथरावीत व लोंब्या आतल्या बाजूस ठेवाव्यात. साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा १२ ते १४ टक्क्यांवर आणावा. एकदम कडक उन्हात वाळविल्यास भरडताना कणी अधिक होते. खाचर मोकळे होताच उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल वा मसूर पेरावा. काढणीस जितका उशीर, तितकी ही ओल हातची जाते. भिऊन फार थांबणे हेही नुकसानीचेच असते.

विजेपासून सावधगिरी

धान्यापेक्षा जीव मोलाचा आहे. शरदातील पाऊस विजांचा असतो. गडगडाट ऐकू येताच विळा ठेवून पक्क्या घरात जावे. एकट्या झाडाखाली वा उघड्या माळावर थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन जवळपासच्या विजेची सूचना देते. गावातील एखाद्या तरुणाने ते पाहून शिवारात वर्दी द्यावी.

हवामान माणसाच्या हाती नाही; कापणीचा दिवस मात्र आहे. दुपारी पूर्वेकडे नजर, आठवड्यातून दोनदा पत्रकाचे वाचन आणि उचलता येईल तेवढीच कापणी, ही त्रिसूत्री जो पाळील, त्याचे भात खाचरात न भिजता कणगीत पडेल.