सकाळी अर्ध्या सेल्फला, दुपारी रुसलेलं!
(डिझेल इंजिनच्या हॉट स्टार्टिंग ट्रबलविषयी थोडंसं)

डिझेल इंजिन थंडीत लवकर सुरू होत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. आय. सी. इंजिनच्या पुस्तकांत कोल्ड स्टार्टिंगवर पानंच्या पानं सापडतात. या लेखात मात्र मी नेमक्या उलट्या तक्रारीबद्दल लिहिणार आहे. मशिन सकाळी अर्ध्या सेल्फला लागतं, चार तास व्यवस्थित काम करतं, जेवणाच्या सुट्टीत बंद होतं आणि मग काही केल्या सुरू होत नाही. दोन तासांनी गार झालं की जणू काही घडलंच नव्हतं! यालाच हॉट स्टार्टिंग ट्रबल म्हणतात.

मिनी एक्स्कॅव्हेटर, स्किड-स्टीअर लोडर (आपल्याकडे सरसकट 'बॉबकॅट'), छोटे रोलर अशा मशिनींना हा आजार जास्त छळतो. कारण त्यांच्या बॉनेटखाली जागाच नसते. इंजिन, हायड्रॉलिक पंप, ऑईल कूलर, रेडिएटर आणि सायलेन्सर हे सगळं एका पेटीत कोंबलेलं असतं. कोल्हापूरच्या पेठांमधल्या ज्या बोळात मोठा जेसीबी वळत नाही, तिथे ड्रेनेजची चर मारायला हीच मशिनं येतात. ती तासाच्या भाड्यावर चालतात. मशिन बंद पडलं की चर उघडी, ट्रॉली उभी, मजूर बसून, आणि मालकाचा बँकेचा हप्ता मात्र चालूच. बरं, चाकं किंवा पट्टे हायड्रॉलिकवर फिरत असल्यामुळे जीपसारखा धक्का मारूनही चालू करता येत नाही.

मुळात हे उलटं का आहे?

डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच तापते आणि फवारलेलं डिझेल पेट घेतं. म्हणजे इंजिन गरम असेल तर काम सोपंच व्हायला हवं. ऑईल पातळ झालेलं असतं, सिलिंडरच्या भिंती गरम असतात. गुऱ्हाळावरचं जुनं ऑईल इंजिन एकदा तापलं की हँडलच्या एक-दोन फेऱ्यांत लागतं, ते यामुळेच.

याचा अर्थ असा, की जे इंजिन गार असताना सहज लागतं, त्याचं कॉम्प्रेशन बहुधा चांगलं आहे. मग गरम झाल्यावर बिघडतं ते काय? उष्णतेने तीन गोष्टी होतात: तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स वाढतो, डिझेल पातळ होतं आणि धातू प्रसरण पावतो. या तीन वाक्यांत आपला सगळा तपास आहे.

अजून एक गोष्ट. इंजिन बंद केल्यावर ते लगेच गार होत नाही. उलट फॅन आणि पाण्याचा पंप थांबल्यामुळे पहिली दहा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान वाढतं. याला हीट सोक म्हणतात. म्हणून बंद करून लगेच सेल्फ मारला तर मशिन लागतं, पण चहा पिऊन आल्यावर लागत नाही!

आधी तीन प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात तीन आठवडे जात होते. तिथल्या मेस्त्रींची पद्धत अशी, की पाना हातात घ्यायच्या आधी ते ऑपरेटरला तीनच प्रश्न विचारायचे.

१) बंद केल्यावर किती वेळाने त्रास होतो?
२) सेल्फ नेहमीसारखा फिरतो, जड फिरतो, की नुसता 'टक' आवाज येतो?
३) सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?

पहिल्या उत्तरावरून हीट सोकचा संबंध कळतो. दुसऱ्यावरून करंटची भानगड की डिझेलची, हे कळतं. तिसरं उत्तर सगळ्यात मोलाचं. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही.

संशयित पहिला : सेल्फ आणि वायरिंग

सेल्फ जड फिरत असेल तर इथून सुरुवात करायची. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. म्हणजे ३० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यावर तो सुमारे २७ टक्के वाढला. त्यात सेल्फ सायलेन्सरजवळ असेल, बुश झिजलेले असतील, अर्थची केबल गंजलेली असेल, तर सकाळी कसंबसं निभावणारं सर्किट दुपारी हात टेकतं.

बॅटरी लगेच बदलायची गरज नाही. साधा मल्टिमीटर घ्या. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या पोस्टवर १२ व्होल्टच्या सिस्टिमला ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी तपासा किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय का बघा. मग बॅटरीचा प्लस आणि सेल्फचा टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावा; तसंच बॅटरीचा मायनस आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये. सेल्फ मारताना कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप दिसला, तर खराबी त्या केबलमध्ये किंवा जोडात आहे. हायड्रॉलिकचा ऑक्झिलरी लिव्हर लॉक होऊन राहिला असेल तरीही सेल्फ जड फिरतो, तेव्हा तोही बघून घ्यावा.

संशयित दुसरा : स्टॉप सोलेनॉईड

सेल्फ छान फिरतोय, धूर नाही, तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉईडकडे वळायचं. चावी फिरवली की हा सोलेनॉईड डिझेलची वाट मोकळी करतो. आतली कॉईल तांब्याचीच. रेझिस्टन्स २७ टक्के वाढला तर करंट सुमारे २१ टक्के घटतो, आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ ३८ टक्के कमी होते. (लोखंडाचं सॅच्युरेशन सोडून केलेला हा अंदाज आहे.) कधी कधी कॉईलची तार आतून तुटलेली असते, गार असताना टोकं चिकटतात, गरम झाल्यावर दुरावतात.

तपासणी सोपी आहे. चावी ऑन केल्यावर 'टक' ऐकू येतो का? टर्मिनलवर १२ व्होल्ट येतात का? व्होल्ट आहेत आणि 'टक' नाही, तर वायर काढून कॉईलचा रेझिस्टन्स गरम असतानाच मोजा.

संशयित तिसरा : झिजलेला पंप

आता डिझेल पातळ होण्याचा मुद्दा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे 'व्हिस्कॉसिटी'ला मराठी शब्द शोधायला मला शब्दकोश उघडावा लागला, आणि तिथे 'विष्यंदिता' सापडला. मेस्त्री नुसतं म्हणतात, "डिझेलचं पाणी झालं." मला त्यांचाच शब्द जास्त आवडला!

आपल्याकडच्या डिझेलची व्हिस्कॉसिटी ४० अंशांना २ ते ४.५ सेंटीस्टोक असावी असं मानक आहे. ८० अंशांच्या आसपास ती जवळपास निम्मी होते. पंपातल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट नवीन असताना जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकतो, की अशा फटीतली गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्हिस्कॉसिटीच्या व्यस्त प्रमाणात. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. त्यात डिझेल निम्मं पातळ झालं तर सोळापट! नोझल उघडण्याइतकं प्रेशरच बनत नाही.

मग असं इंजिन चालू असताना बंद का पडत नाही? कारण सेल्फवर इंजिन जेमतेम २०० आरपीएमने फिरतं. २,००० आरपीएमच्या तुलनेत गळतीला दहापट वेळ मिळतो. परीक्षेत पाठ केलेलं ते सूत्र इतकं उपयोगी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

चाकांच्या बांधकाम मशिनींना १ एप्रिल २०२१ पासून बीएस-४ (सीईव्ही) निकष लागू झाले आणि कॉमन रेल इंजिनांचं प्रमाण वाढलं. तिथेही तत्त्व तेच. इंजेक्टरमधून रिटर्नला जास्त डिझेल गळालं तर रेलमध्ये प्रेशर बनत नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावून, इंजिन गरम असताना, कुठली जास्त भरते ते बघतात. शिवाय क्रँक सेन्सर गरम होऊन दगा देतो. सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसला तर आधी त्याला धरा.

ओल्या फडक्याची गोष्ट

गॅरेजात आलेलं एक मिनी एक्स्कॅव्हेटर मला विसरता येत नाही. लक्षणं वर लिहिली तीच. मालकाने आधीच दोन ठिकाणी दाखवून बॅटरी आणि फिल्टर बदलले होते. दुसऱ्या ठिकाणी पंपावर ओलं फडकं ठेवलं, पाच मिनिटांत मशिन लागलं, आणि "पंप गेला, ओव्हरहॉल करावा लागेल" असा निकाल मिळाला.

फडक्याची परीक्षा खोटी नाही. पंप गार केल्यावर आतलं डिझेल घट्ट होतं, गळती कमी होते आणि झिजलेला पंपही काम करतो. पण स्टॉप सोलेनॉईड बसवलेला असतो पंपाच्याच डोक्यावर. फडक्याने दोघंही गार होतात! मग बरा कोण झाला?

मेस्त्रींनी मशिन तासभर चालवून तापवलं, बंद केलं, पंधरा मिनिटं थांबले. मी विचारलं, गार झाल्यावर उघडून बघूया का? ते म्हणाले, "गार हुईपर्यंत थांबू नगंस पोरी. गार झाल्यावर चोर सापडत न्हाई." सेल्फ जोरात फिरला, धूर नाही. सोलेनॉईडच्या टर्मिनलवर बारा व्होल्ट, पण 'टक' नाही. मीटर लावला तर कॉईल ओपन. पंप खोललाच नाही. नवा सोलेनॉईड बसवला, त्याचा खर्च ओव्हरहॉलच्या मानाने किरकोळ होता. मालक आठ दिवसांनी सांगून गेले, की मशिन दुपारीही लागतंय.

बाकीचे किरकोळ संशयित

व्हॉल्व्ह क्लिअरन्स फार कमी ठेवलं असेल, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबून नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. डिझेल टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो. झाकण सैल करून बघा. सक्शन पाईप हवा धरत असेल तर त्रास बहुधा सकाळीही होतो, म्हणून फक्त गरम असतानाच तक्रार असेल तर हा संशयित यादीत मागे ठेवा.

हे मात्र करू नका

- ग्लो प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका, इनटेकमध्येच स्फोट होऊ शकतो.
- तापलेल्या पंपावर गार पाणी ओतू नका, आतला प्लंजर जाम होईल. ओलं फडकंच ठेवा.
- सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मध्ये दोन मिनिटं विश्रांती द्या.
- कॉमन रेलचे हाय प्रेशर पाईप सैल करून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि जखम लहान दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.
- तपासायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवा.

मित्रांनो, हा क्रम फक्त मिनी एक्स्कॅव्हेटरपुरता नाही. गावाकडचा ट्रॅक्टर असो की होस्टेलमागचा जनरेटर, नियम एकच: रोग ज्या स्थितीत दिसतो त्याच स्थितीत तपासा, आणि स्वस्त, सोप्या तपासणीपासून महागड्याकडे जा. पार्ट बदलून बघणं हा तपास नव्हे, तो दुसऱ्याच्या पैशावर खेळलेला जुगार आहे. उद्या आपल्यापैकी कुणी सर्व्हिस इंजिनिअर म्हणून साईटवर उभं राहील, तेव्हा समोरच्या मालकाचा तो हप्ता आपल्या एका वाक्यावर अवलंबून असेल. ते वाक्य मीटर लावून झाल्यावरच बोलूया.