धाकट्या भावंडांची जोपासना

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस प्रभु येशूच्या बालपणींच्या वाढीचें वर्णन आलें आहे. शरीर, ज्ञान, ईश्वराची कृपा व लोकांचा प्रेमभाव या चारही अंगांचा त्यांत उल्लेख आहे. यांपैकीं एक अंग दुसऱ्यास वगळून वाढत नाहीं, हें आम्हां शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाचें सत्य होय. प्रस्तुत लेखांत एक ते सहा वर्षांच्या मुलांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. अशीं मुलें आमच्या वर्गांत नाहींत, हें खरें; परंतु आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं तीं आहेत, व त्यांस सांभाळण्याचें काम बहुधा या विद्यार्थ्यांकडेच असतें.

आमच्या हातून घडलेली एक चूक येथें सांगणें अवश्य आहे. आठवीच्या वर्गांतील एक मुलगी वारंवार गैरहजर राहूं लागली, तेव्हां आम्हीं तिला वर्गासमक्ष बोल लाविला. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां आली नाहीं, म्हणून तिच्या घरीं गेलों. आईबाप कामावर गेले होते. मुलगी स्वयंपाकांत गुंतली होती, आणि तिचा अडीच वर्षांचा भाऊ चहांत बुडविलेलें बिस्किट हातीं धरून मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून बसला होता. आम्हीं दोनदां हांक मारिली, तरी त्यानें मान वळविली नाहीं. मुलगी म्हणाली, "सर, तो जेवतच नाहीं. मी काय करूं?" त्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ त्या वेळीं नव्हतें. तें पुढें जाणत्यांस विचारून व वाचून मिळविलें, तेंच येथें देतों.

प्रथम आहार. जन्मतः सुमारें ३ किलो वजनाचें मूल वर्षाअखेर सुमारें तिप्पट होतें. दुसऱ्या वर्षीं मात्र दोन-अडीच किलोंचीच भर पडते. वाढ मंदावली कीं भूकही मंदावते. हा सृष्टिक्रम न जाणल्यामुळें घरचीं माणसें घाबरतात. मग घांस घेऊन मुलामागें धांवणें, दटावणें, व अखेर बिस्किटाचा पुडा हातीं देणें, असा प्रकार सुरू होतो. गोड चहाबिस्किटानें लहानसें पोट भरतें व खरी भूक मरते. शिवाय चहामुळें अन्नांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो; आणि लोहाची उणीव पडली म्हणजे मूल फिकें व मलूल होतें, त्याचें लक्ष कशांतच टिकत नाहीं.

यावरील उपाय खर्चाचा नाहीं. दिवसांतून तीन वेळां जेवण व दोन वेळां मधलें खाणें द्यावें. मुलाची वाटी निराळी असावी, म्हणजे त्यानें किती खाल्लें तें कळतें. तूप किंवा तेल घातलेला मऊ वरणभात, नाचणीचें सत्त्व, कुस्करलेली उसळ, पालेभाजी, अंडें, कांटे काढलेली मासळी, हंगामी फळ, यांपैकीं घरीं असेल तें त्यास आपल्या हातानें खाऊं द्यावें. काय व केव्हां वाढावें हें मोठ्यांनीं ठरवावें. किती खावें हें मुलानें. अखंड शेंगदाणे, फुटाणे व द्राक्षें लहानांस कदापि देऊं नयेत, तीं गळ्यांत अडकतात. शेंगदाण्याचें कूट मात्र उत्तम.

जुलाब लागले असतां मुलाचें पाणी तोडणें हा घातक समज होय. जलसंजीवनीची १ लिटरची पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यांत विरघळवून थोडी थोडी पाजावी, खाणें चालू ठेवावें, व जस्ताच्या गोळ्या आरोग्यकेंद्रांतून घ्याव्या. डोळे खोल गेले, मूल पिईनासें झालें किंवा शौचांतून रक्त पडलें, तर तत्काळ दवाखाना गांठावा. लस टोंचण्याचें काम दीड-दोन वर्षांत संपलें, असेंही कोणीं समजूं नये. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील एक मात्रा ५ ते ६ वर्षांच्या वयांत द्यावयाची असते.

आतां निद्रा, खेळ व भाषा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितल्याप्रमाणें १-२ वर्षांच्या मुलास ११ ते १४ तास व ३-४ वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोंप हवी, आणि दिवसाकांठीं निदान तीन तास हालचाल हवी. पडदा एक वर्षाच्या मुलास मुळींच नको. दोन ते चार वर्षांपर्यंत तासाच्या आंत, व जितका कमी तितका बरा. कारण उघड आहे. पडदा बोलतो, परंतु मुलाचें ऐकत नाहीं. आणि भाषा ही बोलण्याच्या देवाणघेवाणींतूनच येते. तसेंच तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देऊन अक्षरें गिरवून घेण्याची घाई करूं नये. माती मळणें, पाणी ओतणें, पानें वेंचणें यांनीं बोटें बळकट झालीं कीं अक्षरें मागाहून सुखानें येतात.

हें तत्त्व ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं आचरून दाखविलें. १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र निघालें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठीं घरीं राहतात, हें पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणण्यांत आल्या. थोरली बहीण धाकट्यास कडेवर घेऊन येई, व दोघेंही शिकत. त्या मुलींस बोल न लावितां त्यांचें ओझें ओळखण्यांत आलें. आम्हीं नेमकें याच्या उलट केलें होतें.

आम्हीं त्या मुलीची वर्गासमक्ष क्षमा मागितली. तिच्या भावाचें वजन अंगणवाडींत करविलें, व तीन वर्षांचा होतांच तो तेथें बसूं लागला. आतां तो हांकेसरशीं धांवत येतो. मुलीचें बुडालेलें बीजगणित भरून काढण्यास मात्र सबंध वर्ष लागलें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, धाकट्यासाठीं थोरलीची शाळा बुडवूं नका. गांवची अंगणवाडी याच कामासाठीं आहे. आणि विद्यार्थीहो, घरीं गेल्यावर रोज दहा मिनिटें धाकट्या भावंडास मांडीवर घ्या, गोष्ट सांगा, व त्याचीही ऐका. त्यानें विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणें हेंही तुमच्या अभ्यासापैकींच होय.