खेळाडूची कदर

हॉकी म्हटले की तुम्हांला हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद आठवतात. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू बर्फावरून वाऱ्यासारखे धावतात. तेथील 'नॅशनल हॉकी लीग' या व्यावसायिक स्पर्धेतील विजेत्या संघाला स्टॅनले चषक मिळतो.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचा 'रेड विंग्ज' हा या स्पर्धेतील जुना संघ आहे. १९५० ते १९५५ या काळात त्याने चार वेळा चषक जिंकला. त्या यशात टेड लिंडसे या खेळाडूचा मोठा वाटा होता. त्या काळी करार संपला तरी मालकाच्या मर्जीवाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. १९५७ साली लिंडसेने खेळाडूंच्या हक्कांसाठी संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. त्या हंगामात तो उत्तम खेळला होता. तरीही त्याच उन्हाळ्यात संघाने त्याला शिकागोच्या संघाकडे पाठवून दिले. खेळाडूला जावे लागले. दुसरा मार्गच नव्हता!

पुढे नियम बदलले. आज करार संपलेला आणि वयाची २७ वर्षे किंवा ७ हंगाम पूर्ण केलेला खेळाडू 'मुक्त खेळाडू' होतो. तो आपला संघ स्वतः निवडतो. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादाही आली आहे. त्यामुळे श्रीमंत संघालाही हवा तेवढा पैसा ओतता येत नाही. मग खेळाडू विचारतो, "तेथे माणसाला कसे वागवतात?" याचे उत्तर त्याला जुन्या सोबत्यांकडून मिळते. ज्याला शंका वाटते, तो करारातच अट घालून घेतो की, माझ्या संमतीवाचून मला दुसऱ्या संघाला देऊ नये.

आता त्याच रेड विंग्जची दुसरी गोष्ट ऐका. १९८२ साली माइक इलिच यांनी हा संघ विकत घेतला. १९९७ साली, ४२ वर्षांनंतर, संघाने पुन्हा चषक जिंकला. पण सहाच दिवसांनी व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह हा खेळाडू मोटार अपघातात जबर जखमी झाला. त्याचे खेळणे कायमचे थांबले. संघ त्याला विसरला नाही. १९९८ साली संघ पुन्हा जिंकला, तेव्हा सोबत्यांनी त्याला चाकांच्या खुर्चीतून बर्फावर आणले. कर्णधार स्टीव्ह आयझरमन याने चषक त्याच्या हाती दिला. त्या वर्षी एकही सामना न खेळलेल्या कॉन्स्टँटिनोव्हचे नाव चषकावर कोरले गेले.

२००१ साली ल्यूक रोबिताय आणि ब्रेट हल हे दोन नामवंत मुक्त खेळाडू डेट्रॉइटला आले. पुढच्याच वर्षी संघाने चषक जिंकला. केवळ चांगल्या वागणुकीमुळेच ते आले, असे म्हणता येणार नाही. पैसा आणि जिंकण्याची संधी यांनाही महत्त्व असते. २००८ साली मारियन होसाने इतरांचे मोठे करार नाकारून रेड विंग्जशी एकाच वर्षाचा करार केला. त्याला चषक जिंकायचा होता. पण दोन संघ सारखेच बलवान असतील, पगारही सारखाच असेल, तर खेळाडू कोठे जाईल? जेथे त्याची कदर होते, तेथेच ना?

मुलांनो, ज्याला जाण्याची मोकळीक नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपली पारख होते. उद्या त्याला मोकळीक मिळते, तेव्हा लोकांना आपले कालचे वागणे आठवते.

शब्दार्थ
कदर – किंमत ओळखणे. मर्जी – इच्छा. संमती – होकार. पारख – परीक्षा.

स्वाध्याय
१. लिंडसेला दुसऱ्या संघात का जावे लागले?
२. 'मुक्त खेळाडू' कोणाला म्हणतात?
३. कॉन्स्टँटिनोव्हचा संघाने कसा सन्मान केला?
४. तुमच्या वर्गाच्या संघात नवा खेळाडू यावा म्हणून तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.