बेडूकमाशाचा बेडूक होताना

बेडूक म्हटला की डबके आणि चिखल आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु आपल्या उल्हासनगरात, कॅम्प २ मधील बराकींच्या आसपास, पावसाळ्यात एक निराळा बेडूक भेटतो. तो भिंतीवर चढतो आणि न्हाणीघरात ठाण मांडून बसतो; त्याच्या बोटांच्या टोकांना चिकट गाद्या असतात. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस. नाव मोठे असले तरी प्राणी मुठीत मावणारा आहे.

याची मादी अंडी थेट पाण्यात घालीत नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाकीच्या भिंतीवर ती अंगातून पाझरणारा द्राव पायांनी घुसळून फेसाचा गोळा करते व त्यात अंडी ठेवते. गोळ्याचा बाहेरचा थर वाळतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी अंडी फुटतात, फेस विरघळतो आणि बेडूकमासे खाली पाण्यात पडतात. खाली पाणी हवे, एवढीच त्यांची अट. आणि आमच्या वस्तीत पाणी असते ते पिंपात!

गेल्या जुलैत आमच्या पिंपाच्या आतल्या कडेला असा गोळा दिसला. "उद्या पाणी येणार, तोवर काय ते कर," असे आईने बजावले. तिचेही खरेच होते. डेंग्यूच्या भीतीने आठवड्यातून एकदा पिंप कोरडे करावेच लागते, कारण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बेडूकमाशाला मात्र दीड-दोन महिने हवेत. हा हिशेब जुळणारा नव्हे, म्हणून गोळा हलविणे भाग पडले. (तळ्याकाठचा गोळा मात्र कोणी हौसेने घरी आणू नये. तेथे त्याचे बरे चाललेले असते.)

पातळ पत्र्याने गोळा अलगद सोडवून मी तो मोठ्या भोकांच्या चाळणीत ठेवला आणि चाळणी पाण्याच्या टबावर मांडली. नळाच्या पाण्यातील क्लोरीन बेडूकमाशांना घातक असते, यास्तव पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवूनच वापरावे. टब सावलीत असावा आणि वर मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे. म्हणजे डास आत येत नाहीत व शेजारीही तक्रार करीत नाहीत. खाद्य म्हणून उकडलेला पालक किंवा माठ चिमूटभर द्यावा. उरलेले त्याच दिवशी काढावे, नाहीतर पाणी नासते. गर्दी झाल्यास वाढ खुंटते, म्हणून दोन-तीन भांडी करावीत.

येथवर काम सोपे आहे. खरा धोका शेवटच्या चार-पाच दिवसांत असतो, आणि नेमके तेव्हाच आपण निर्धास्त होतो. मागचे पाय कित्येक दिवस हळूहळू वाढतात. पुढचे मात्र कातडीखाली तयार होऊन एकाएकी बाहेर येतात. त्याच सुमारास कल्ले जाऊन सारा भार फुफ्फुसांवर पडतो. म्हणजे कालपर्यंत पाण्यात जगणारा जीव आज पाण्यात बुडून मरू शकतो! पाला खरवडणारे तोंड बदलते, लांब आतडे आखडते, आणि तो खाणेच सोडतो. शेपटी गळून पडत नाही, अंगात जिरते; त्या दिवसांत तीच त्याची शिदोरी. तेव्हा 'उपाशी आहे' म्हणून पालक टाकणे म्हणजे पाणी नासवणे होय. हा सारा बदल थायरॉइड ग्रंथी घडविते. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड खाऊ घातली, तेव्हा त्यांचे अकालीच इवले बेडूक झाले होते.

पुढचे पाय दिसताच मी टबातले पाणी चार बोटांवर आणले, एका बाजूला विटेचा उतार केला व जास्वंदाची फांदी तिरपी ठेवली. झाडावरचा बेडूक भिंतीलाही चिकटतो हे खरे. पण शेपटी असताना तो फार दुबळा असतो, त्याला टेकायला जागा हवी.

शेपटी जिरली की त्याला बारीक जिवंत किडे लागतात. केळीच्या सालीवरची चिलटे दोन दिवस चालतात, पण नखाएवढ्या बेडकाला घरात पोसणे कठीण. पावसाची रिपरिप असलेल्या संध्याकाळी, गोळा सापडला त्याच परिसरातील दाट झुडपांत त्यांना सोडावे. दूर नेऊ नये. त्यांच्याबरोबर रोगही जातात. सगळे एका दिवशी तयार होत नाहीत. आमचे तीन खेपांत गेले, आणि मागे राहिलेले दोघे सप्टेंबरच्या अखेरीस.