वाचा बसते तेव्हा

१. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की 'वारं गेलं' हे आमच्या नेवासे तालुक्यात कुणीही ओळखतं. माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, तोंड सरळ होतं, हातपाय चालत होते. गोठ्यातून आले आणि "तो डबा कांद्यात वाजला" असलं काहीतरी न अडखळता, ठासून बोलू लागले. शेजारचे म्हणाले, बाहेरचं असेल. पण एकाएकी बोलणं असंबद्ध होणं, समोरच्याचं न कळणं, हीसुद्धा मेंदूच्या झटक्याचीच खूण असते. तडक १०८ ला फोन करावा. माणूस शेवटचा नीट बोलला ती वेळ ध्यानात ठेवावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅन पाहूनच देतात.

२. जीभ जड होणं वेगळं, भाषा बिघडणं वेगळं. जीभ जड झालेल्याचे शब्द बरोबर असतात, उच्चार तेवढे बोबडे. हात चालत असेल तर तो लिहून दाखवतो. भाषेचा भागच दुखावला तर लिहिणं-वाचणंही बिघडतं, पाटी देऊन भागत नाही. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या रुग्णालयात पाहिलेला रुग्ण 'टॅन' एवढंच बोले, समजे मात्र पुष्कळ. अण्णांचा प्रकार कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये मांडलेला: बोलणं धो धो, अर्थ हरवलेला.

३. पुढं एका संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला आणि अण्णा सुरात मिसळले. अभंगामागून अभंग, बिनचूक. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली त्या मुलखात हे तोंडपाठ असणारच. "मग एरवी नाटक करतात का?" असं कुणीतरी विचारलंच. मुळीच नाही. पाठांतर, आकडे, गाणं, शिवी हे सवयीनं येतं. मनातलं सांगायला शब्द नव्यानं जुळवावे लागतात, आणि नेमकं तेच अडतं.

४. हातापायांच्या व्यायामासाठी सगळे धावतात. स्पीच थेरपिस्टबद्दल आपणहून विचारावं लागतं. पहिल्या महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पण ती पुढंही होत राहते.

५. 'हो'वर विसंबू नये. भाकरी हवी का म्हटलं की अण्णा "हो" म्हणत आणि ताट सारत. दोन वस्तू समोर धराव्यात, बोट कुठं जातं ते पाहावं. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा, आणि ओरडू नये; कान शाबूत असतात. कुणी हक्कसोडपत्र घेऊन आलं आणि "हो म्हणालेत की" म्हणत अंगठा मागू लागलं, तर त्याला सरळ परत पाठवा. पण याचा अर्थ काही कळत नाही असा नव्हे; अण्णांसारख्या माणसाला बांध, भाऊबंद, भाव सगळं ठाऊक असतं. जमिनीचा नकाशा, माणसांचे फोटो पुढं ठेवून, निरनिराळ्या दिवशी तेच विचारून उत्तर एकच येतं का ते आधी बघा.